नांग्या भरण्यापूर्वी : गुटी कलम आणि इजा झालेल्या कोवळ्या फळझाडांची दुरुस्ती

कोकणात फळझाडांची लागवड मृगाच्या तोंडावर होते आणि जगलेल्या झाडांची मोजणी पुढचा उन्हाळा सरता सरता होते. या दोहोंच्या दरम्यान जी कलमे नोंदवहीत ‘मृत’ या रकान्यात जातात, ती सगळीच मेलेली असतात असे नाही. एखाद्याचा शेंडा वाळलेला असतो, एखाद्याची बुंध्याजवळची साल वणव्याने भाजलेली असते, एखादे गुरांच्या धक्क्याने जोडावरच मोडलेले असते. खाली मुळे मात्र जिवंत असतात. तरीही ते झाड उपटले जाते, त्या जागी पुढल्या मृगात नवे कलम येते आणि नांग्या भरल्या गेल्या म्हणून सर्वांचे समाधान होते. संख्या पुरी होते हे खरे. गेलेली वर्षे मात्र भरून येत नाहीत.

रत्नागिरी तालुक्यातील पाली या गावाचा परिसर डोळ्यांसमोर आणला म्हणजे हा हिशेब चटकन ध्यानात येईल. मुंबई-गोवा महामार्ग येथून लांज्याकडे जातो आणि कोल्हापूरचा रस्ता नाणीज, साखरपा करीत आंबा घाटाकडे निघतो. आजूबाजूला जांभ्याचे सडे, उताराची वरकस जमीन आणि कातळावर मातीचा पातळ थर. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाने काढायचे ते जांभ्याच्या फटींत मुरलेल्या ओलाव्यावर. अशा जमिनीत खड्डा काढण्यासाठी कधी पहार, तर कधी सुरुंग लावावा लागतो. अशा ठिकाणी चार पावसाळे पाहिलेल्या आंब्याच्या कलमाने फटीफटींतून मूळ खाली नेलेले असते. त्या झाडाचा सर्वांत महाग भाग जमिनीवर दिसतच नाही. वरचा भाग मोडला म्हणून खालचा टाकून देणे हे, घराचे कौल उडाले म्हणून जोते खणून काढण्यासारखे होय.

राज्यात १९९०-९१ पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळझाड लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि कोकणातील वरकस जमिनीवर आंबा व काजू यांचे क्षेत्र झपाट्याने वाढले. २०१८-१९ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिच्यात अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के अशा हप्त्यांनी देण्याचे ठरले आणि पुढील हप्ते झाडे जगण्याच्या प्रमाणाशी जोडण्यात आले. म्हणजे झाड जगले की मेले, हा प्रश्न बागायतदाराच्या पदराशी थेट येऊन भिडतो. पाहणीस जाणारा अधिकारी, ग्रामसभेत लाभार्थींची यादी वाचणारा सदस्य आणि शाळेच्या आवारात रोपे लावून घेणारा शिक्षक या तिघांनाही झाडाची साल वाचता आली पाहिजे. गुटी कलम बांधणे आणि जखमी झाड दुरुस्त करणे या दोन्ही कामांचा पाया एकच आहे, आणि तो या सालीतच आहे.

सालीचे काम

कोवळ्या फांदीवर बोटभर रुंदीचे वलय काढून साल सोलली तर काय होईल? फांदी लगेच वाळेल असे बहुतेकांना वाटते. पण तसे होत नाही. पाने कित्येक आठवडे हिरवीगार राहतात. याचे कारण असे की, मुळांकडून येणारे पाणी आतल्या लाकडातून वर चढते आणि ते लाकूड शाबूत असते. पानांनी तयार केलेले अन्न मात्र सालीच्या आतल्या भागातून खाली उतरते. तो रस्ता तोडल्यामुळे अन्न वलयाच्या वरच्या काठाशी अडते आणि तेथे गाठीसारखा फुगवटा येतो. इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात असेच वलय काढून हा फुगवटा दाखवून दिला होता. शाळेच्या आवारातील जास्वंदीवर किंवा पेरूवर हा प्रयोग कोणताही शिक्षक करू शकेल. त्याला चाकूखेरीज दुसरे साहित्य लागत नाही.

साल आणि लाकूड यांच्या मध्ये एक अतिशय पातळ, ओलसर आणि निसरडा थर असतो. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे. जखम भरते ती यानेच. कलमाची काडी खुंटाशी एकजीव होते तीही दोघांचे हे थर एकमेकांस भिडल्यामुळेच. पावसाळ्याच्या आरंभी झाडाला नवी फूट येते तेव्हा हा थर सर्वांत अधिक कामात असतो आणि साल हाताने ओढली तरी सुटते. माळी म्हणतात, ‘साल सुटते आहे तोवर काम करून घ्या’. ते या अनुभवावरूनच.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, माळी गुटी बांधण्यासाठी जे वलय काढतो आणि साळिंदर रात्री बुंध्याची साल कुरतडून जे वलय करते, त्या दोन्हींत झाडाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. पहिल्यात वलयाच्या वर ओलावा बांधला जातो, म्हणून तेथे मुळे फुटतात. दुसऱ्यात ते वलय उघडे पडून सुकते आणि कालांतराने मुळे उपासमारीने मरून झाड जाते. मधल्या काही आठवड्यांत झाड हिरवे दिसते, म्हणून मालक निर्धास्त असतो. दुरुस्तीचा काळ नेमका तोच असतो.

गुटी कशी बांधावी

गुटीची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. इतकी की, इंग्रजीतून लिहिलेल्या भारतीय उद्यानशास्त्राच्या पुस्तकांतही ‘गुटी’ हाच शब्द वापरलेला आढळतो. प्लास्टिकचा कागद मिळू लागण्यापूर्वी वलयाभोवती माती आणि शेण यांचा गोळा बसवून तो गोणपाटाने बांधत आणि वर बुडाला भोक पाडलेले मडके टांगून चिंधीच्या वातीने थेंब थेंब पाणी सोडत. मडक्यात पाणी भरायला रोज एक माणूस लागे. पारदर्शक प्लास्टिक आल्यावर हे काम सुटले. शिवाय मुळे आली की नाही, हे बाहेरूनच दिसू लागले.

कोकणात जून ते ऑगस्ट हा गुटीसाठी उत्तम काळ होय. हवेत ओलावा असतो आणि साल सुटत असते. रोगमुक्त व भरपूर फळ देणाऱ्या झाडाची, साधारण पेन्सिलीच्या जाडीची, सुमारे एक वर्ष वयाची फांदी निवडावी. शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली, डोळ्याच्या लगेच खालच्या बाजूस, सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीचे वलय काढावे. साल निघाल्यावर उघड्या लाकडावरील निसरडा थर चाकूच्या पाठीने हलकेच खरवडून टाकावा. हे काम बहुधा आळसाने राहून जाते. तसे झाले तर वरची व खालची साल पुन्हा जुळते आणि सारी मेहनत वाया जाते. वरच्या काठाला इंडोल ब्युटिरिक आम्ल असलेले मूळ फुटण्याचे संजीवक लावल्यास मुळे लवकर व अधिक येतात. पेरूसारख्या झाडात मात्र त्यावाचूनही काम भागते. नंतर भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ, ज्याला रोपवाटिकेत नुसते ‘मॉस’ म्हणतात, मूठभर घेऊन वलयाभोवती बसवावे. ते न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण चालते. त्यावर प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळून बांधावीत. वरच्या टोकाची गाठ सैल राहिली तर पावसाचे पाणी आत साचते आणि मुळांऐवजी कुज पाहायला मिळते.

फळझाडाच्या जातीप्रमाणे एक ते दोन महिन्यांत पांढरी मुळे प्लास्टिकमधून दिसू लागतात. ती दिसताच गुटी कापण्याची घाई करू नये. पांढरा रंग जाऊन मुळे थोडी तपकिरी होऊ द्यावीत. मग गोळ्याच्या खाली अर्ध्या जाडीपर्यंत खाच घ्यावी आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापावी. त्यामुळे फांदीला स्वतःच्या मुळांवर जगण्याची सवय होते. कापलेली गुटी पिशवीत लावताना निम्मी पाने काढून टाकावीत आणि ती महिनाभर सावलीत ठेवावी. पेरू, डाळिंब, कागदी लिंबू, लिची, जाम यांना ही पद्धत मानवते. आंब्याच्या गुटीला मुळे धरतात, पण फार थोड्यांना; त्या वाटेस जाऊ नये.

गुटीचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. मातृवृक्षाचा गुण जसा गुटीबरोबर येतो, तसा त्याचा रोगही येतो. सोलापूर, नाशिक, सांगली या भागांत डाळिंबाचा विस्तार प्रामुख्याने गुटीवर झाला आणि ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाचा फैलाव होण्यास रोगट बागांतून उचललेल्या गुट्यांचा मोठा हातभार लागला. २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. ‘निरोगी मातृवृक्षाचीच गुटी घ्या’ हे त्या क्षेत्रातील प्रत्येक शिफारशीचे पहिले वाक्य होऊन बसले आहे. स्वस्त मिळते म्हणून अनोळखी बागेतील गुटी गावात आणणारा मनुष्य स्वतःपुरतीच जोखीम घेत नाही.

काजूने शिकविलेला धडा

कोकणातील काजूच्या इतिहासात गुटीचे एक प्रकरण आहे. काजूचे झाड बियांपासून वाढविले तर प्रत्येक झाड निराळे निघते. एकाला टपोरा बी, दुसऱ्याला कवडीएवढा. म्हणून निवडक झाडाची हुबेहूब रोपे करण्यासाठी सुरुवातीला गुटीचा अवलंब देशभर झाला. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र १९५७ मध्ये सुरू झाले आणि तेथून काजूच्या सुधारित जाती बाहेर पडू लागल्या. वेंगुर्ला-१ ही जात १९७४ मधील, वेंगुर्ला-४ ही १९८१ मधील आणि वेंगुर्ला-७ ही १९९७ मधील आहे. या जाती हजारोंच्या संख्येने शेतावर पोचवायच्या, तर रोपे हुकमी पाहिजेत.

गुटीला मुळे धरत, रोपवाटिकेत ती तरारूनही दिसे, पण शेतावर निभाव लागेना. कारण गुटीला सोटमूळ नसते. बाजूला पसरलेली तंतुमुळे उन्हाळ्यात वरच्या मातीबरोबर सुकत आणि वादळी वाऱ्यात झाड आडवे होई. उतारावरच्या पातळ मातीत तर हा दोष अधिकच जाणवे. शेवटी काजूत मृदकाष्ठ कलमाची पद्धत रुळली. तिच्यात बियांपासून वाढलेल्या, म्हणजेच सोटमूळ असलेल्या कोवळ्या खुंटावर निवडक जातीची काडी बसविली जाते. ऐंशीच्या दशकापासून हीच पद्धत सर्वत्र पसरली आणि काजूच्या लागवडीला तिने खरी गती दिली.

पालीसारख्या ठिकाणी याचा अर्थ सरळ आहे. परसात, विहिरीजवळ, पाण्याची सोय असलेल्या सपाट जागी पेरू, लिंबू किंवा जाम यांची गुटी खुशाल लावावी. सड्यावर आणि डोंगरउतारावर मात्र सोटमूळ असलेले कलमच लावावे. रोपवाटिकेतून रोपे आणताना ‘कलम आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. गुटी की खुंटावरचे कलम, हे विचारावे, आणि खुंटाचा जोड डोळ्यांनी पाहून घ्यावा.

झाडासमोर उभे राहून

इजा झालेल्या झाडाजवळ गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा : हे झाड गुटीचे आहे की खुंटावर बांधलेल्या कलमाचे? गुटीचे झाड बुंध्यापासून मुळापर्यंत एकाच जातीचे असते. ते जमिनीलगत मोडले आणि खालून फुटवा आला, तर तो फुटवा त्याच जातीचा. सर्वांत जोमदार एक फुटवा ठेवून बाकीचे काढले की दुरुस्ती झाली. खुंटावरच्या कलमाचे तसे नाही. जोडाच्या वरचा फुटवा हापूसचा, खालचा रायवळाचा.

या साध्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने कोकणात किती बागायतदारांची फसगत झाली असेल, याची गणती नाही. वरचे हापूस उन्हाळ्यात वाळते, पावसात खालून तजेलदार फुटवा येतो, ‘कलम सावरले’ म्हणून मालक खत-पाणी घालतो, आणि सात-आठ वर्षांनी पहिले फळ धरते तेव्हा ते तंतुमय रायवळ निघते. दोष ना रोपवाटिकेचा असतो ना जमिनीचा. पण तो फुटवा टाकाऊ नसतो, हेही तितकेच खरे. तो पुढच्या कलमाचा आयता खुंट आहे. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

दुसरे काम म्हणजे नखाची परीक्षा. शेंड्याकडून सुरुवात करून वीतवीतभर अंतरावर साल नखाने किंचित खरवडीत खाली यावे. आत तपकिरी व कोरडे दिसले तर तो भाग गेलेला. हिरवे आणि ओले लागले तर तेथून खाली झाड जिवंत आहे. जोडाच्या वर हिरवे लागले, तर हिरव्याच्या दोन बोटे वर तिरपा काप घेऊन झाड सोडून द्यावे. ते आपले आपण फुटेल. जोडाच्या खालीच हिरवे लागले, तर पुन्हा कलम बांधावे. खुंटाच्या मुळाशीही तपकिरी लागले, तर मात्र ते झाड ‘मृत’ होय आणि नांगी भरण्यास हरकत नाही.

वणव्याने भाजलेल्या झाडाबाबत एक सावधगिरी बाळगावी. आग लागून गेल्यावर लगेच छाटणी करू नये. भाजलेली साल किती खोलवर मेली, हे तीन-चार आठवड्यांनी कळते. पहिल्या दिवशी काळवंडलेल्या सालीखाली पुष्कळदा हिरवा थर शिल्लक असतो. तोवर बुंध्याला चुन्याचा पातळ हात द्यावा, म्हणजे उघड्या पडलेल्या सालीला उन्हाचा दुसरा चटका बसणार नाही. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे, पण बुंध्याला चिकटवून नव्हे. तसे केले तर ते वाळवीला निमंत्रण ठरते.

खोडातून भुसा पडत असेल तर आंब्यात भिरूड आणि काजूत रोठा यांचा संशय घ्यावा. भोकात तार घालून अळी बाहेर ओढून मारावी, शिफारस केलेले कीटकनाशक भोकात सोडून ते मातीने बंद करावे आणि मगच जखमेची दुरुस्ती हाती घ्यावी. आत अळी ठेवून वरून मलम लावणे हा केवळ देखावा होतो.

साल गेलेल्या बुंध्याची दुरुस्ती

बुंध्याच्या घेराच्या एक-तृतीयांशापर्यंत साल गेली असेल तर विशेष काही करावे लागत नाही. जखमेच्या कडा धारदार चाकूने जिवंत सालीपर्यंत नीट कापून, वर आणि खाली निमुळता आकार देऊन बोर्डो मलम लावावे; झाड ती जखम स्वतःच झाकून घेते. निम्म्याहून अधिक घेर सोलला गेला असेल, किंवा वलय पुरे झाले असेल, तर अन्नाचा तुटलेला रस्ता पुन्हा जोडून द्यावा लागतो.

त्याची एक रीत म्हणजे सेतू कलम. थंड देशांत बर्फाखाली उंदीर सफरचंदाच्या झाडांची साल कुरतडतात, तेथे ही पद्धत विशेष रुळली. जखमेपेक्षा चार-पाच बोटे लांब अशा पेन्सिलीच्या जाडीच्या निरोगी काड्या घ्याव्यात. काडीचे मुळाकडचे टोक खालीच राहिले पाहिजे. उलटी बसविलेली काडी निरुपयोगी. दोन्ही टोके पाचरीसारखी तासून जखमेच्या वरच्या व खालच्या जिवंत सालीखाली सरकवावीत आणि बारीक चुका मारून किंवा पट्टीने घट्ट करावीत. काडी ताणून न बसविता किंचित कमानदार ठेवावी, म्हणजे वाऱ्याने खोड हलले तरी टोके निसटत नाहीत. अशा काड्या दर दोन-अडीच इंचांवर बसवाव्यात, सांधे मेणाने बंद करावेत आणि काडीवर येणारे कोंब खुडत जावे. ती काडी केवळ पूल आहे, तिला फांदी होऊ देऊ नये.

आंब्याच्या बाबतीत मात्र प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या रीतीकडे आहे. कोकणातील जुन्या गड्यांना भेट कलम अवगत असते. कलम बांधायच्या फांदीजवळ कुंडीतील रायवळ रोप नेऊन, दोघांची साल तासून, एकमेकांस भिडवून बांधण्याची ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तीच येथे बुंध्यावर योजावयाची. मृगात जखमी कलमाच्या बुंध्यालगत, वीतभर अंतरावर, एक किंवा दोन रायवळ रोपे लावावीत. ती धरली की त्यांचे खोड जखमेच्या वर झाडाच्या खोडाला टेकेल असे वाकवून, दोन्हीकडची साल सारख्या लांबीची तासून, घट्ट बांधावे. जोड एकजीव झाल्यावर रोपाचा वरचा शेंडा कापून टाकावा. जखमी झाडाला जणू नवी मुळेच मिळतात. सेतू कलमात हुकलेली काडी वाळून जाते. यात रोप स्वतःच्या मुळांवर उभे असल्याने दुसरा प्रयत्न करता येतो. कोकणात हाताला सवय आहे ती याच कामाची, हाही एक फायदाच.

पेरू, डाळिंब किंवा लिंबाच्या कोवळ्या झाडाच्या बुंध्यावर असे वलय झाले असेल तर याहून सोपा उपाय आहे. प्राण्याने गुटीचे निम्मे काम करून ठेवलेले आहेच. जखम ताजी असेल तर तिचा वरचा काठ स्वच्छ कापून, ओले शेवाळ बांधून गुटी पुरी करावी. जखम जमिनीलगत असेल तर नुसती भुसभुशीत मातीची भर घालून ती ओली ठेवली तरी वरच्या काठातून मुळे फुटू शकतात. पावसाळ्यात हे सहज साधते. उन्हाळ्यात रोज पाणी देण्याची तयारी असेल तरच करावे.

फुटव्यावर पुन्हा कलम

हापूस गेले, खुंट राहिला आणि त्याला फुटवे आले, तर दोन सरळ फुटवे राखून बाकीचे काढावेत. पावसाळ्याच्या आरंभापासून श्रावणापर्यंत उघडीप पाहून, फुटव्याची तांबूस कोवळी फूट पेन्सिलीएवढी झाली की, तिच्यावर मृदकाष्ठ कलम बांधावे. काडी खात्रीच्या हापूस झाडाची, तीन-चार महिने वयाची, टोकाचा डोळा फुगलेली असावी. कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस काडीवरची पाने देठ राखून कापून ठेवावीत. त्यामुळे डोळे फुगून तयार होतात. चार ते सहा इंच लांबीच्या काडीला दीड इंचाची पाचर करून ती फुटव्यातील तेवढ्याच उभ्या चिरेत बसवावी. काडी आणि फुटवा यांची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल तरी सालीला भिडली पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने बांधून वर निमुळती पिशवी टोपीसारखी चढवावी. दोन-तीन आठवड्यांत डोळा हलला की टोपी काढावी.

समजा, एका हेक्टरात दहा मीटर अंतराने हापूसची १०० कलमे लावली आणि चौथ्या उन्हाळ्यात वणव्याने त्यांपैकी २० भाजली. नखाच्या परीक्षेत त्यांपैकी १२ खुंट जिवंत निघाले. या बारांना लागणार चाकू, पट्टी, काड्या आणि जाणत्या माणसाची एक सकाळ. उलट बारा नव्या कलमांना खड्डे, खत, कुंपण आणि पुन्हा दोन-तीन उन्हाळे घागरींनी पाणी. शिवाय आंब्याचे कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळावर येऊ लागते. नव्या कलमाची ती गणना शून्यापासून सुरू होते. चार वर्षांच्या मुळावर बांधलेल्या काडीची वाढ मात्र पाहणाऱ्यास थक्क करते, कारण खाली मुळांचे जाळे आधीच पसरलेले असते.

वादळाने आडवी झालेली झाडे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली, मंडणगड तालुक्यांतील बागांची त्यात दैना झाली. पुढच्याच वर्षी, १६ व १७ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्या किनाऱ्याजवळून वर सरकले. अशा वेळी मोठ्या झाडांकडे सर्वांचे लक्ष जाते. लहान कलमे मात्र पंचनाम्याची वाट पाहत उघड्या मुळांनी पडून राहतात, आणि मुळे सुकण्यास दोन दिवसांचे ऊन पुरते. नोंद आणि छायाचित्र आधी करून घ्यावे, पण दुरुस्ती त्यासाठी अडवून ठेवू नये. उघडी मुळे ओल्या गोणपाटाने झाकावीत, फाटलेली मुळे स्वच्छ कापावीत, फांद्यांचा भार कमी करावा आणि मुळांच्या बाजूची माती मोकळी करून झाड हळूहळू उभे करावे. एका झटक्यात ओढले तर जी मुळे धरून होती तीही तुटतात. खोडाला दोन बाजूंनी बांबूचा आधार द्यावा. बांधताना खोडाभोवती गोणपाटाची घडी घ्यावी, नाहीतर दोरच पुढे साल कापतो.

बोर्डो मलम

फ्रान्समधील बोर्डो परगण्यात द्राक्षांवरील रोगासाठी १८८५ च्या सुमारास मियार्दे या शास्त्रज्ञाने पुढे आणलेले मोरचूद-चुन्याचे मिश्रण आपल्या बागांतही शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. मलमासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी असे प्रमाण घेतात. मोरचूद पाच लिटर पाण्यात, चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, असे प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. मलम त्याच दिवशी वापरून संपवावे. कलमाच्या सांध्यावर मात्र ते लावू नये. तेथे मेण किंवा पट्टी पुरेशी असते.

गावपातळीवर

दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषि विद्यापीठाने, म्हणजेच आताच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाने, कलमांच्या पद्धती बागायतदारांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले आहे. पण वणव्यानंतरच्या आठवड्यात प्रत्येक वाडीत तज्ज्ञ पोचणे शक्य नाही. ग्रामपंचायतीने गावातील कलमे बांधता येणाऱ्या गड्यांची यादी तयार ठेवावी. त्यांतले बरेचसे आता साठी ओलांडलेले असतात आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे फार थोडे आहेत. शाळेच्या आवारात एक पेरू आणि दोन-तीन रायवळ खुंट असले की, जुलै महिन्यात अशा एखाद्या गड्याला बोलावून मुलांपुढे गुटी आणि कलम बांधून घेता येते. वलय काढण्याचे काम मुलांना द्यावे, पाचर मात्र पहिल्या वर्षी गड्यानेच करावी. बोटे कापण्याचे प्रसंग पाचर तासतानाच येतात.

लागवडीच्या नोंदवहीत ‘जिवंत’ आणि ‘मृत’ या दोन रकान्यांच्या मध्ये ‘दुरुस्तीखाली’ असा तिसरा रकाना आखून घेण्यास कोणत्याही आदेशाची गरज नाही. त्यात झाडाचा क्रमांक, इजेचे कारण, केलेला उपाय आणि बांधणीची तारीख लिहावी. शेजारी आणखी एक तारीख लिहून ठेवावी : पट्टी सोडण्याची. बांधल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी पट्टी सोडायची असते, आणि तोवर दिवाळी आलेली असते, भातकापणी चालू असते, कलमाकडे कुणाचे लक्ष नसते. न सोडलेली प्लास्टिकची पट्टी वाढत्या सालीत रुतते आणि जोडावर पुन्हा तेच वलय तयार करते. फरक एवढाच की, या खेपेस ते साळिंदराने केलेले नसते.